दिघ्यांच्या डेकखाली

श्यामकांत दिघे विमा कंपनीच्या अपघात खात्यात होते, आणि माणूस कशाकशाने मरू शकतो हे त्यांच्याइतके साऱ्या मुलुंडमध्ये कोणाला ठाऊक नव्हते. माणसे गाडीखाली सापडून नाहीतर विहिरीत पडून मरतात, असा बाकीच्यांचा भाबडा समज. दिघ्यांच्या टेबलावरून मात्र आंब्याच्या सालीवरून घसरलेले, कपाट अंगावर आलेले, आणि एक तर ऐन मंगलाष्टकांत अंतरपाटात पाय गुंतून पडलेले गृहस्थ जाऊन चुकले होते. त्यामुळे दिघे घरात चालतानासुद्धा जरा कडेकडेने चालत. पंख्याखाली बसत नसत. त्यांच्या पत्नीने, उत्तराबाईंनी, विळीवर कैरी चिरायला घेतली की ते उठून दुसऱ्या खोलीत जात.

अशा माणसाने डेक असलेले घर घ्यावे याचेच नवल. डेक हा शब्द अर्थात त्यांचा नव्हे. घर बांधणारे फर्नांडिस नावाचे गृहस्थ जन्मभर बोटीवर इंजिनियर होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांना जमिनीवर करमेना. म्हणून त्यांनी त्या बैठ्या कौलारू घरापुढे खांबांवर उचललेला, सागाच्या फळ्यांचा, कठड्याचा एक लांबरुंद मंच बांधून घेतला. तिथे आरामखुर्ची टाकून ते येऊरच्या डोंगराकडे समुद्राकडे बघावे तसे बघत बसत. आळीने त्याला डेक म्हटले. पुढे फर्नांडिस गोव्याला निघून गेले, घर दिघ्यांकडे आले आणि डेक होता तिथेच राहिला. वर्षानुवर्षांच्या उन्हाने फळ्या पापडासारख्या वाकल्या होत्या, खिळे डोकी वर काढून बसले होते, आणि खाली, माणूस बसू शकेल पण उभा राहू शकणार नाही एवढ्या त्या पोकळीत, काय चालले आहे हे पाहण्याची दिघ्यांची कधीच छाती झाली नव्हती.

सन पंचावन्नच्या मे महिन्यातल्या एका रविवारी दिघे डेकवर वाळत घातलेल्या कुरडयांचे ताट आत आणायला गेले. ऊन असे होते की फळ्यांवर पाय ठेववत नव्हता, म्हणून ते टाचा उचलून, भराभरा, आणि नेहमीची कड सोडून मधून चालले. तिथेच चुकले. पायाखालची फळी कुरकुरली नाही, वाजली नाही, सरळ गेली. दिघ्यांचा डावा पाय मांडीपर्यंत खाली उतरला. ताट त्यांनी डोक्याच्या वर धरले होते. एकही कुरडई मोडली नाही, हे उत्तराबाईंनी नंतर बऱ्याच जणांना सांगितले.

पण मुद्दा कुरडयांचा नव्हता. दिघ्यांचा पाय खाली अंधारात लोंबकळत होता, आणि त्या पायावरून काहीतरी गेले. थंड होते. सावकाश होते. आणि संपता संपत नव्हते.

दिघे ओरडले नाहीत. ओरडायला जो श्वास लागतो तो त्यांच्याजवळ उरला नव्हता. बऱ्याच वेळाने उत्तराबाई बाहेर आल्या.

"अहो, असे बसलात काय? आणि ताट डोक्यावर कशाला?"

दिघ्यांनी नुसती डोळ्यांनी खूण केली. त्या खुणेचा अर्थ उत्तराबाईंना कळला नाही, पण चेहऱ्याचा रंग कळला. त्यांनी ताट घेतले, नवऱ्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उपसून काढले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिले आले शेजारचे अण्णा वर्तक. अण्णा आळीच्या प्लॉटधारक मंडळाचे चिटणीस होते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा आवाज दुप्पट झाला होता, कारण ऑफिसात वापरायचा तोही आता घरीच उरला होता. त्यांनी भोकात वाकून पाहिले, नाक फेंदारले आणि जाहीर केले, "नाग."

"धामणही असेल," दिघे क्षीणपणे म्हणाले.

"अहो, पायावरून जाताना फणा लागला का?"

"पायाला कसं कळणार ते?"

"मग नागच. धामण असती तर तुम्हाला इतकी भीती वाटली नसती."

तेवढ्यात समोरचे जयंतीभाई आले. त्यांची स्टेशनाजवळ लाकडाची वखार होती, आणि जगातल्या कुठल्याही संकटात ते आधी लाकूड बघत. त्यांना सापाचे काही नव्हते. त्यांनी तुटलेली फळी हातात घेतली, वास घेतला आणि हळहळले.

"दिघेभाई, लाकूड सोनं आहे, पण तुम्ही याला कधी तेल पाजलं? उन्हात एवढं तापणार, पावसात एवढं भिजणार, त्याने जगायचं कसं? आणि खालचे खांब बघा. वाळवी. एक-दोन खांब तर नुसते नावाला उभे आहेत."

म्हणजे आता भीती दोन झाल्या. डेकवर उभे राहिले तर डेक खाली जाणार, आणि खाली गेले की तिथे तो. दिघ्यांनी त्या दिवसापासून पुढचा दरवाजा बंद केला आणि मोरीच्या दाराने ये-जा सुरू केली. ऑफिसात जाताना ते रोज न्हाणीघराच्या बादल्यांमधून टाय सावरत बाहेर पडत. चार दिवसांनी उत्तराबाई म्हणाल्या, "पाहुणेसुद्धा मोरीतूनच आणायचे का आता?" आणि धोंडू सुताराला बोलावणे गेले.

धोंडू मूळचा कुडाळकडचा. हात बरा, पण माणूस असा की करवतीचा आवाज जरा वेगळा आला तरी थांबून चारी दिशांना बघायचा. तो डेकखाली डोकावला, झटकन मागे आला आणि म्हणाला, "सायबा, वरचा काम मी करतंय. खालचा मागीर बघू."

दिघ्यांना हा माणूस फार आवडला. आपल्यासारखाच कोणीतरी जगात आहे, याचा त्यांना धीर आला. मात्र दोन घाबरट माणसांनी मिळून एखादे काम काढले की काय होते, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते.

वरचे काम सुरू झाले. जयंतीभाईंनी वखारीतून फळ्या पाठवल्या. "अगदी सुक्या," असे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले. त्या मेच्या उन्हात दोन दुपारी पडल्या आणि होड्यांसारख्या वळल्या, त्यावरून त्या कितपत सुक्या होत्या हे कळले. एका फळीने उचल खाऊन पुढचा दरवाजाच बाहेरून दाबून धरला; ती तासून धोंडूने दरवाजा मोकळा केला. मग फळ्यांत फट किती ठेवायची, यावर वाद झाला. जयंतीभाई म्हणाले, बोटभर ठेवा, लाकूड पावसात फुगतं, त्याला जागा लागते. अण्णा म्हणाले, बोटभर फटीतून नाग वर येतो. जयंतीभाई म्हणाले, नाग जिन्याने येईल, फटीतून कशाला येईल? शेवटी करंगळीएवढी फट ठरली. ती धोंडूची करंगळी होती. करवतीत सापडून तिचे टोक गेलेले असल्यामुळे नेमकी किती फट ठरली, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

खांबांच्या बुडांना वाळवी लागू नये म्हणून डांबर आणले. धोंडूने ते डेकच्या पायरीवर ठेवले. डबा कलंडला. उन्हाने डांबर पातळ झाले होते, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेले दिघे विचारांच्या तंद्रीत मोरीकडे न वळता पुढच्या पायरीवर चढले. त्यांचे बूट तिथेच राहिले. दिघे मोज्यांवर घरात आले. बूट पायरीवर उभे राहिले, आत कोणी अदृश्य माणूस असावा तसे, आणि येणारेजाणारे त्यांना नमस्कार करून गेले.

दिघ्यांनी हे सारे सोसले. पण अण्णांनी एक नवीन शंका काढली. "समजा, हा गेला. दुसरा येणार नाही कशावरून? पलीकडचा प्लॉट रिकामा, गवत माणूसभर. तुम्हाला कुंपण हवं."

दिघ्यांना हे इतके पटले की त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही. दुसऱ्याच दिवशी धोंडूने घराभोवती लाकडी पट्ट्यांचे कुंपण घालायला घेतले. अर्धे झाल्यावर तेच अण्णा चिटणीस म्हणून आले. शेजारी म्हणून आलेले अण्णा आणि चिटणीस म्हणून आलेले अण्णा यांची एकमेकांशी ओळख नसे.

"मंडळाचा नियम आहे, दिघे. कुंपण कमरेएवढंच. त्याहून उंच झालं तर आळीतला बंधुभाव जातो."

"कमरेएवढं म्हणजे कोणाच्या?"

अण्णा विचारात पडले. अण्णा ताडमाड उंच. दिघे बेताचे. धोंडू तर दिघ्यांच्याही खांद्याला लागायचा, आणि त्याने कुंपण स्वतःच्या कमरेशी मापून घातले होते. ते इतके ठेंगणे झाले की मांजरसुद्धा त्याच्याकडे आदराने पाहत नव्हते. हा प्रश्न मंडळाच्या सभेत गेला. सभेत दोन तट पडले आणि ठरले की सगळ्यांनी रविवारी प्रत्यक्ष जागेवर येऊन कुंपण पाहावे आणि डेकवर बसूनच निर्णय घ्यावा.

डेकवर बसून, हे ऐकताच दिघ्यांनी मनातल्या मनात खांब मोजले. वरच्या फळ्या नव्या होत्या. खालचे कुजके खांब मात्र तसेच होते, कारण खाली जायला धोंडू तयार नव्हता आणि त्याला जा म्हणायला दिघे तयार नव्हते. पुढच्या बाजूचा एक खांब तर धोंडूने बाहेरूनच हात घालून ओढून काढला होता आणि त्याच्या जागी विटांवर बांबूचा टेकू देऊन ठेवला होता.

रविवारी सकाळी दिघ्यांनी विचारले, "धोंडू, आज संध्याकाळी सारं मंडळ येऊन उभं राहिलं तर?"

"तर बसात खाली," धोंडू शांतपणे म्हणाला. डेक बसेल, असे त्याला म्हणायचे होते.

दिघ्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या टेबलावरचे सगळे अपघात रांगेने उभे राहिले. आपल्या घरात, आपल्या डेकवरून, आळीची आळी खाली जाणार, आणि खाली तो वाट बघत असणार.

"आज दुपारी खांब बसवलाच पाहिजे," ते म्हणाले. आवाज कोणाचा, हे त्यांचे त्यांनाच कळले नाही.

"मी जातंय. पण तुमी वांगडा येतास तर. एकटो मी जाऊचंय नाय."

म्हणजे मालकाने बरोबर आत यायचे. दिघ्यांनी उत्तराबाईंना सांगितले, "मी जरा बाहेर उभा राहून देखरेख करतो." मग त्यांनी दोन्ही पायांत मोजे चढवले, त्यावर धोतराच्या पट्ट्या आणि हातांना उत्तराबाईंचे स्वयंपाकातले फडके गुंडाळले आणि बाजूच्या मोकळ्या जागेतून ते डेकखाली शिरले. पुढे टॉर्च घेऊन धोंडू, मागे रांगत, नवा खांब ओढत दिघे.

आत भट्टीसारखे उकडत होते. वरच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा पडल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. जुन्या लाकडाचा, उंदरांचा आणि आणखी कसला तरी वास होता. तो कसला, याचा विचार न करण्याचा दिघे आटोकाट प्रयत्न करत होते. धोंडू टेकूपाशी पोचला. दिघे त्याच्या मागे, तुळईच्या बरोबर खाली, हातापायांवर ओणवे होते.

धोंडूचा टॉर्च थांबला.

"सायबा," तो कुजबुजला. "आसा. हयच आसा. हलू नकात."

टॉर्चच्या उजेडात विटांपलीकडे एक जाड, पिवळट वेटोळे होते. दिघ्यांनी त्याचे टोक शोधायचा प्रयत्न केला. ते सापडले नाही. डोके मात्र सापडले, कारण ते त्यांच्याकडेच बघत होते.

धोंडूने दुसऱ्याला हलू नकात म्हटले आणि स्वतः हलला. तो मागे सरकला, त्याच्या कमरेचा धक्का टेकूला लागला, बांबू आडवा झाला आणि टॉर्च घरंगळत विझला. तुळईचे पुढचे टोक हळूच खाली आले आणि दिघ्यांच्या पाठीवर टेकले. फार जोरात नाही. एखाद्या वडीलधाऱ्याने खांद्यावर हात ठेवावा तसे. धोंडू पालथा पडून मातीत तोंड खुपसून गाऱ्हाणे घालू लागला, "बा देवा रवळनाथा, म्हाराजा, चुकलंय असलंय तर पदरात घे."

आणि नेमकी त्याच वेळी वर पायरी वाजली.

अण्णा दुसऱ्याच्या घरी नेहमी लवकर पोचत. त्यांच्यामागून मंडळ चढले. एकेका पावलासरशी तुळई दिघ्यांच्या पाठीत रुतत होती. हळू चढा, एकेकाने चढा, असे ओरडावे असे त्यांना वाटत होते, पण समोर, हातभर अंतरावर, ते डोके जमिनीपासून थोडे वर उठले होते. ओरडलो तर हा. न ओरडलो तर डेक. दिघ्यांनी जन्मात कधी इतका स्पष्ट विचार केला नव्हता, आणि त्याचा काहीच उपयोग नव्हता.

"दिघे कुठे गेले?" वरून अण्णांचा आवाज आला. "लपले असतील. अहो, काय सांगू, पायावरून घूस गेली असेल, तर यांनी नाग नाग करून आळी डोक्यावर घेतली. असा भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

नाग कोणी म्हटले होते? दिघ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पाठीवर मंडळ, समोर सर्प, आणि वरून हा अन्याय.

"पण लाकूड बघा," जयंतीभाईंचा आवाज आला, आणि त्यांनी कौतुकाने फळीवर टाच आपटली. दिघ्यांचे कोपर वाकले. त्यांनी दात घट्ट दाबले. समोरचे ते डोके आणखी थोडे वर उठले.

दरवाजा उघडला. आवाज ऐकून उत्तराबाई कोकम सरबताच्या पेल्यांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या होत्या. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच त्या थांबल्या. दिघ्यांना ते दिसत नव्हते, पण वरची एक रेघ काळोखी झाली आणि ती तशीच राहिली.

उत्तराबाईंना फळ्यांच्या फटीतून आपण सकाळीच इस्त्री केलेला, निळ्या रेघांचा सदरा दिसला होता. सदऱ्यात पाठ होती, पाठीवर तुळई होती, आणि थोडे पुढे, पुढच्या फटीत, दुसरे ते.

"अण्णा," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी एकेक करून खाली उतरा. पाय न वाजवता."

"अहो वहिनी, पण सरबत—"

"उतरा."

"आधी कुंपणाचा ठराव—"

"अण्णा, खाली बघा. ओरडू नका."

अण्णांनी खाली बघितले. त्यानंतर त्या डेकवर जी शांतता पसरली तशी मंडळाच्या कोणत्याही सभेत कधी पसरली नव्हती. सहा-सात थोराड माणसे चवड्यांवर, हात पसरून, लहान मुलांना झोपवून बाहेर पडावे तशी पायरीकडे सरकली. पहिले अण्णा होते. दिघ्यांच्या पाठीवरचा भार एकेका माणसाने हलका होत गेला. पायरी उतरली की मात्र प्रत्येकाच्या धावण्याचा आवाज येत होता.

वर फक्त ती एक काळोखी रेघ राहिली. ती हलली नाही.

मग ते वेटोळे सुटायला लागले. सावकाश, थंडपणे ते दिघ्यांच्या फडके गुंडाळलेल्या हातावरून गेले, आणि पहिल्या वेळेसारखेच संपता संपेना. दिघ्यांनी डोळे मिटले. कधीतरी ते संपले. बाहेरून कोणीतरी ओरडले, "धामण! धामण आहे रे!" हातभर नव्हे, चांगली दोन पुरुष लांब धामण उन्हात आली, अंगण ओलांडून कुंपणाशी गेली, कोणाच्या कमरेचा विचार न करता दोन पट्ट्यांमधून निघाली आणि वर्तकांच्या आवारात शिरली.

धोंडू दिघ्यांना घासून रांगत बाहेर पडला. मग जयंतीभाई आणि त्याने मिळून पहारीने तुळई उचलली, टेकू लावला, आणि दिघ्यांना ओढून बाहेर काढले. ते ज्या स्थितीत आत होते त्याच स्थितीत बाहेर आले. हातापायांवर. त्यांना सरळ करता येईना, म्हणून तसेच उचलून घरात नेऊन गादीवर ठेवले. आळीचे लोक आत येऊन त्यांना बघून गेले.

"अख्खं मंडळ पाठीवर तोललं," जयंतीभाई सद्गदित होऊन म्हणाले. "आणि समोर जनावर! हलला नाही माणूस."

"मी म्हणतच होतो," अण्णा म्हणाले. ते काय म्हणत होते, हे कोणी विचारले नाही.

दिघ्यांना खरे सांगायचे होते, पण त्यांचा जबडा उघडत नव्हता. सगळे गेल्यावर, दिवेलागणीला, उत्तराबाईंनी चहाचा पेला त्यांच्या ओठांना लावला, तेव्हा कुठे ते बोलले.

"अगं, मी काही तोललं वगैरे नाही. मला हलताच येत नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"तू पळाली नाहीस ती?"

"माझा पाय उचलेना," उत्तराबाई म्हणाल्या. "आणि वाटलं, उचलला तर फळी हलेल आणि तुमच्या पाठीवर येईल. तो ट्रे धरून धरून हात अजून कापताहेत बघा." त्यांनी हात पुढे केला. तो खरोखरच कापत होता, आणि चहा दिघ्यांच्या सदऱ्यावर सांडत होता. दोघांनी मिळून तो पेला धरला.

सकाळी दिघे जेमतेम सरळ उभे राहून दाढी करत होते, तोच कुंपणापलीकडून अण्णांचा आवाज आला. पण हा आवाज नेहमीचा नव्हता. त्यातला ऑफिसचा भाग आणि घरचा भाग, दोन्ही गळाले होते.

"दिघेसाहेब! अहो दिघेसाहेब!" अण्णा ओलेत्याने, पंचा सावरत उभे होते. "आमच्या बंबामागे काहीतरी आहे. हललं. तुम्ही जरा येता का? तुम्हाला सवय आहे."

दिघ्यांनी वस्तरा खाली ठेवला. आपल्याला बरे नाही, असे सांगायला त्यांनी तोंड उघडले. पण आजवर कोणी त्यांना दिघेसाहेब म्हटले नव्हते, आणि तो शब्द हवेत अजून तसाच होता.

"येतो," ते म्हणाले आणि लगेच हादरले.

उत्तराबाईंनी पदर खोचला, कोपऱ्यातली काठी घेतली. "मीपण येते."

"तू कशाला? तुला भीती वाटते ना?"

"वाटते ना. म्हणून तर."

दोघे फाटकातून बाहेर पडले. दिघे उत्तराबाईंच्या अर्धे पाऊल मागे राहू पाहत होते, आणि उत्तराबाई दिघ्यांच्या. मध्ये फक्त एक कुंपण होते, तरी वर्तकांच्या न्हाणीघरापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.